दुसऱ्या घरातली प्रत

आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग असलेली हार्ड डिस्क परवा टकटक करून कायमची गप्प झाली. लॅपटॉपवरच्या मूळ फायली मी ‘बॅकअप आहे’ म्हणून कधीच पुसल्या होत्या. म्हणजे तो बॅकअप नव्हताच, एकुलती प्रत होती.

१९९८ साली पिक्सारमध्ये एका चुकीच्या कमांडने ‘टॉय स्टोरी २’च्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. बॅकअप नीट होत नव्हता, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फायली परत मिळाल्या त्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावरून. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या.

आजी आता नाही. आत्याला काही ओव्या पाठ आहेत. रविवारी तिच्याकडे जातोय.