जलप्रतिबिंबभ्रम (वन्यजीव छायाचित्रणातील)

पाण्यातील प्रतिबिंबामुळे छायाचित्रातील पशुपक्ष्यांचा आकार, संख्या किंवा वर-खालची दिशा यांविषयी पाहणाऱ्याची होणारी गल्लत. पाण्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परावर्तित होतो. पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन करून येणाऱ्या प्रकाशात हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर जाते. म्हणूनच छायाचित्रकार चिखलात पालथे पडून कॅमेरा पाण्यालगत धरतात.

ढगाळ सकाळी पाणी आणि आकाश एकाच करड्या रंगाचे झाले की क्षितिजाची रेघ पुसली जाते. मग शेकाट्याचे लांब पाय दुप्पट लांब भासतात आणि पक्षी अधांतरी उभा दिसतो. भिगवणला उजनी जलाशयाच्या उथळ फुगवट्यावर रोहित पक्ष्यांची अशी चित्रे हिवाळ्यात मिळतात. वारा सुटला की ती संधी गेली. बारीक लाटांचे उतार प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या दिशेने ताणतात, त्यामुळे ते मूळ पक्ष्याहून लांब दिसते.

हुगळीच्या पूर्व काठावरील बराकपूर हे भारतीय प्राणिचित्रणाचे जुने ठिकाण. लॉर्ड वेलस्लीने १८०४ मध्ये येथे प्राणी-पक्षी जमवून फ्रान्सिस ब्यूकॅनन याच्या देखरेखीखाली त्यांची चित्रे काढवून घेतली. प्रतिबिंबासाठी मात्र येथील नदी फारशी कामाची नाही. भरती-ओहोटीच्या गढूळ पाण्यातील गाळ स्वतःच प्रकाश विखुरतो आणि प्रतिबिंबातील गडद भाग फिके पडतात. त्या मानाने या भागातील झाडांच्या सावलीतली तळी बरी: जलपर्णीने न झाकलेले काळे पाणी आणि काठावर निश्चल बसलेला वंचक बगळा.

प्रतिबिंब ही मूळ दृश्याची उलटी प्रत असते, हा समज चुकीचा आहे. कॅमेरा पाण्याच्या वर जितक्या उंचीवर असेल तितकाच पृष्ठभागाखाली असता तर जे दिसले असते, ते प्रतिबिंबात उमटते. त्यामुळे बगळ्याच्या चोचीची खालची बाजू आणि पोट प्रतिबिंबात अधिक दिसते, तर मागच्या काठावरची दूरची झाडे तेथे पुष्कळदा झाकली जातात. कॅमेरा जितका उंच, तितका हा फरक ठळक. स्पर्धांच्या परीक्षकांना ही खूण उपयोगी पडावी: संगणकावर उलटून चिकटवलेल्या प्रतिबिंबात पोटाऐवजी पुन्हा पाठच दिसते.