दाणीच्या तोंडावरची माणसे

वाघाडी नदीच्या काठचे घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव कापसाच्या पट्ट्यात येते, आणि या पट्ट्यात बैलाचे स्थान नांगर-वखरापुरते कधीच मर्यादित नव्हते. पोळ्याला ज्याची पूजा होते आणि ज्याच्यापुढे झडत्या म्हटल्या जातात, तोच बैल खरिपाचा माल घरात आल्यावर, हिवाळ्याच्या मोकळ्या दिवसांत, विदर्भभर शंकरपटात उतरतो. शंकरपट म्हणजे हलक्या छकड्याला जुंपलेल्या बैलजोडीची, आखून दिलेल्या सरळ धावपट्टीवरची शर्यत. या धावपट्टीला दाण म्हणतात. वऱ्हाडातील अनेक पटांत जोडी एकटीच सुटते आणि तिचा वेळ सेकंदांत मोजला जातो, तर पूर्वेकडे झाडीपट्टीत दोन समांतर दाणींवर दोन जोड्या एकमेकींशी भिडतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. शेजारच्याच वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ जातीचे बैल चपळ चालीसाठी नावाजलेले असून, मराठ्यांच्या लष्करी वाहतुकीच्या गरजेतून ही जात घडत गेली, असे पशुपालनाच्या ग्रंथांत सांगितले जाते.

पटाचे वर्णन करताना सारे लक्ष बैलांवर आणि छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्यावर खिळते. परंतु जिथे निकाल सेकंदाच्या अंशावर ठरतो, तिथे छकड्याभोवतीच्या माणसांचे हातही वेगाचे भागीदार असतात. जू मानेवर नीट बसवणे, शिवळा घालणे, उधळू पाहणाऱ्या जोडीला वेसणीशी धरून एका रेषेत उभे करणे आणि इशारा होताच दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी सोडून बाजूला होणे, हे काम करणारा माणूस बैलाच्या शिंगापासून हातभर अंतरावर आणि चाकाच्या वाटेत उभा असतो. दाणीच्या शेवटी भरधाव जोडीला आवरणाऱ्याची स्थिती याहून अवघड असते, कारण तिथे बैल थांबायच्या मनःस्थितीत नसतात. या साऱ्यांच्या डोक्यावर परंपरेने असतो तो दुपट्टा किंवा पागोटे. सुती कापडाचे थर ऊन अडवतात आणि किरकोळ मार बोथट करतात. कवटीवर चाक आदळले तर मात्र त्यांचा उपयोग नाही. शिरस्त्राणाचे तत्त्व निराळे आहे: त्याचे कठीण कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरवते आणि आतला फेसाचा थर स्वतः चेपला जाऊन आघाताची ऊर्जा गिळतो.

शिरस्त्राणामुळे अशा घाईच्या कामाचा वेग मंदावतो का, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतील नासकार या मोटार शर्यतींच्या इतिहासात सापडते. तिथे धावती गाडी मध्येच थांबते आणि 'पिट क्रू' नावाची टोळी काही सेकंदांत चाके बदलून इंधन भरते. 18 नोव्हेंबर 1990 रोजी अटलांटा येथे घसरत आलेल्या एका गाडीच्या धडकेत माइक रिच हा चाक बदलणारा तरुण मरण पावला आणि पुढच्याच वर्षी या थांब्याच्या रस्त्यावर वेगमर्यादा आली. पुढे 2001 च्या हंगामाअखेरीस होमस्टेड येथे टोळीतील माणसे पुन्हा जखमी झाली, तेव्हा 2002 पासून भिंत ओलांडून गाडीकडे धावणाऱ्या प्रत्येकाला शिरस्त्राण सक्तीचे झाले. कानावर आवरण, नजरेला कड आणि मानेवर वजन आल्याने हात मंदावतील, ही शंका अशा वेळी स्वाभाविकच असते. पुढच्या दीड दशकात थांबे लांबले नाहीत, उलट आखूड झाले, कारण महाविद्यालयीन खेळाडूंमधून माणसे निवडून त्यांना शास्त्रशुद्ध सराव दिला जाऊ लागला. थोडक्यात, वेग सरावातून आला आणि शिरस्त्राण त्याच्या आड आले नाही.

अर्थात हे उत्तर दाणीवर जसेच्या तसे लागू करता येत नाही. गाडी श्वास घेत नाही. बैल धरणाऱ्याला मात्र बैलाचे फुरफुरणे, खुरांची चुळबुळ आणि धुरकऱ्याची हाक ऐकू यावीच लागते. त्यामुळे कान झाकणारे मोटारसायकलचे शिरस्त्राण तिथे धोका वाढवू शकते आणि कान मोकळे ठेवणारे, हवा खेळती राहणारे हलके शिरस्त्राणच त्या कामाला योग्य ठरते.

पटाच्या नियमांचा इतिहास या दिशेने गेलाच नाही. 2011 मध्ये केंद्र सरकारने खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या नियमांचे मूळ 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असल्याने त्यांचा सारा भर बैलावर आहे: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, 1000 मीटरची मर्यादा, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक आणि टोकदार पराणीला बंदी. मुक्या जनावराचे हाल थांबवणारा हा आग्रह न्याय्यच होता, आणि तो यायला फार उशीर झाला होता. मात्र पराणी गेल्यापासून जोडीचा वेग पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात सुटण्याच्या क्षणावर, म्हणजे वेसण धरणाऱ्या त्या दोन हातांवर, अवलंबून राहू लागला आहे, आणि ते हात ज्याचे आहेत त्याच्या डोक्यावर अजूनही दुपट्टाच आहे.