स्वस्त का आहे? चाकांवरच्या घरांचा इतिहास



विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणून जातो. आज अशाच एका बिऱ्हाडाची गोष्ट सांगायची आहे. हे बिऱ्हाड अमेरिकेतलं आहे आणि ते चाकांवर चालतं. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक ट्रेलर, म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली. दुसरा मोटारहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं घर. दोन्हींत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायचं बेसिन, छोटा फ्रीज आणि बहुधा न्हाणीघरही असतं.

कोणासाठी ही सुट्टीची हौस असते. पण घरभाडं परवडत नाही म्हणून जी बाई जुनी आरव्ही विकत घेते, तिच्यासाठी ते डोक्यावरचं छप्पर असतं. साठवलेले सगळे पैसे त्यात गेलेले असतात. ते छप्पर महिन्याभरात गळायला लागलं, तर तिने जायचं कुठे? म्हणून स्वस्त आरव्ही पाहताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही स्वस्त का आहे? त्याची उत्तरं या घरांच्या शंभर वर्षांच्या इतिहासात सापडतात.

सुरुवात 1919 साली. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात डी सोटो पार्क नावाच्या मैदानावर मोटारीने फिरणाऱ्या लोकांनी एक मंडळ स्थापन केलं, टिन कॅन टुरिस्ट्स. खाणं डब्यातलं, मुक्काम तंबूत नाहीतर स्वतः ठोकून-ठाकून बनवलेल्या गाडीत. सभासदाची खूण म्हणून ते मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा बसवत.

मग 1929 साल आलं. डेट्रॉइटजवळ राहणारे आर्थर शर्मन हे जंतुशास्त्रज्ञ कुटुंबाला घेऊन सहलीला निघाले. बरोबर नवीन घेतलेला घडीचा ट्रेलर होता. पाच मिनिटांत उभा राहतो, अशी त्याची जाहिरात. नेमका पाऊस आला आणि तो काही उभा राहीना. सगळे भिजले. घरी आल्यावर शर्मन यांनी सुताराच्या मदतीने पक्क्या भिंतींचा ट्रेलर बनवला आणि पुढच्या वर्षी प्रदर्शनात मांडला. त्याला नाव दिलं कव्हर्ड वॅगन, म्हणजे छपराची बैलगाडी. किंमत सुमारे 400 डॉलर. मंदीचे दिवस असूनही मागणी इतकी वाढली, की 1936 पर्यंत तो त्या धंद्यातला सर्वांत मोठा कारखाना झाला. त्याच वर्षी एअरस्ट्रीम कंपनीचा चकचकीत ॲल्युमिनियमचा क्लिपर ट्रेलर आला, तो 1200 डॉलरचा. म्हणजे हौशी माणसाचं घर आणि गरजू माणसाचं घर, हा फरक तेव्हापासूनच आहे. अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन यांनी तर भाकीत केलं होतं, की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. तसं काही झालं नाही.

शर्मन यांच्या गोष्टीतला पाऊस मात्र लक्षात ठेवा. या घरांचा सर्वांत मोठा शत्रू आजही पाणीच आहे. बऱ्याच आरव्हींच्या भिंतीत लाकडी सांगाडा असतो, वरून पातळ पत्रा किंवा फायबर. छपराच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी मुरतं आणि आतलं लाकूड कुजतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून जुनी गाडी शक्यतो पाऊस पडून गेल्यावर पाहायला जावं. छताचे कोपरे, खिडक्यांच्या खालची भिंत आणि दाराजवळची जमीन तळव्याने दाबून पाहावी. मऊ लागली, तर आत कुजलंय असं समजावं. कपाटं उघडून वास घ्यावा. नुकताच एकाच भिंतीला रंग दिला असेल, तर का दिला, ते विचारावं.

दुसरं उत्तर वजनाचं. 1954 साली ल्युसिल बॉलचा एक विनोदी सिनेमा आला होता, द लाँग, लाँग ट्रेलर. नवं लग्न झालेलं जोडपं भलामोठा ट्रेलर घेतं. बायको जाईल तिथले दगड आठवण म्हणून गोळा करते, वर मुरांब्याच्या बरण्या. घाट चढताना त्या वजनाने जीव टांगणीला लागतो. आपण हसतो, पण हिशोब खरा आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे 150 लिटरची टाकी भरली की 150 किलो वाढले. मग भांडी, कपडे, गॅसची टाकी. मोठा ट्रेलर कधी कधी लहानापेक्षा स्वस्त मिळतो, कारण तो ओढायला दणकट गाडी लागते आणि ती सगळ्यांकडे नसते. भरल्यावर जास्तीत जास्त वजन किती चालेल, याची पट्टी ट्रेलरवर लावलेली असते. आपली मोटार किती ओढू शकते, तो आकडा मोटारीच्या पुस्तकात असतो. दोन्ही जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसरं उत्तर तेलाचं. 1966 साली आयोवा राज्यातल्या विनेबागो कंपनीने कारखान्यात ओळीने मोटारहोम बनवायला सुरुवात केली आणि इतरांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत विकले. मध्यमवर्गाच्या दारात चालतं घर आलं. मग ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर जाणारं घर कोण फिरवणार? आजही तेल महागलं, की मोठे मोटारहोम विकायला निघतात. जी बाई वर्षातून दोनदाच जागा बदलणार आहे, तिला असा सौदा फायद्याचा ठरू शकतो. दर आठवड्याला फिरणारीला तो बुडवेल.

चौथं उत्तर सगळ्यांत गंभीर आहे. ऑगस्ट 2005 मध्ये कटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा किनारा उद्ध्वस्त केला. बेघर झालेल्यांसाठी सरकारने एक लाखाहून जास्त ट्रेलर आणि फिरती घरं घेतली. पुढच्या वर्षीपासून तक्रारी यायला लागल्या. डोळे चुरचुरतात, खोकला थांबत नाही, मुलांच्या नाकातून रक्त येतं. दाबून बनवलेल्या लाकडी फळ्यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटत होता. सरकारी आरोग्य संस्थेने 519 घरं तपासली, तेव्हा हवेत त्याचं प्रमाण सरासरी एक अब्ज भागांत 77 भाग निघालं. नेहमीच्या घरात असतं त्यापेक्षा ते कितीतरी जास्त होतं. शेवटी हे ट्रेलर लिलावात काढले. राहण्यासाठी वापरू नये, अशी चिठ्ठी प्रत्येकावर चिकटवली. पण चिठ्ठी काढायला कितीसा वेळ लागतो? 2010 साली मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली, तेव्हा तिथे आलेल्या कामगारांच्या मुक्कामाला यातलेच ट्रेलर पुन्हा दिसले.

म्हणून कागदपत्रं पाहायचीच. गाडीवरचा क्रमांक आणि मालकीच्या कागदावरचा क्रमांक एकच आहे का, पहिला मालक कोण होता, कर्ज बाकी आहे का, हे सगळं. दारं बंद ठेवून आत पंधरा मिनिटं बसून राहावं. डोळे झोंबले, तर उठून यावं. किंमत विचारूही नये.

पण प्रत्येक स्वस्ताईमागे खोट असते, असं नाही. 2009 च्या मंदीत अमेरिकेतल्या कारखान्यांतून वर्षभरात 1,65,700 आरव्ही बाहेर पडल्या. करोनाच्या काळात, 2021 मध्ये, हाच आकडा 6,00,240 झाला. हौस फिटल्यावर त्यातल्या कितीतरी पुन्हा बाजारात आल्या. कोणाला वयामुळे गाडी चालवणं जमत नाही. कोणाच्या गाडीतले पडदे आणि गाद्या जुन्या पद्धतीच्या असतात, म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं. ही कारणं आपल्या पथ्यावर पडणारी. 1999 साली दोन बहिणींनी सुरू केलेल्या सिस्टर्स ऑन द फ्लाय या बायकांच्या मंडळाने हेच ओळखलं. त्यांच्या सभासद जुने ट्रेलर हुडकतात, दुरुस्त करतात आणि हौसेने रंगवतात. पडदा बदलता येतो, कुजलेला सांगाडा बदलायला गेलं तर गाडीहून जास्त खर्च येतो.

आता पैशांचं. हातात असलेले सगळे पैसे गाडीतच घालू नयेत. माझ्या मते चौथा हिस्सा तरी बाजूला ठेवावा. टायर दिसायला कोरे असले, तरी वयाने जुने असू शकतात. त्यावरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत. 2318 असेल, तर तो 2018 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. गॅसची नळी आणि विषारी धुराची सूचना देणारा भोंगा तपासून घ्यावा, कारण एवढ्याशा खोलीत आपण गॅस पेटवून झोपणार असतो. आणि एक गोष्ट आधीच विचारावी. तिकडच्या काही आरव्ही तळांवर दहा वर्षांहून जुनी गाडी उभीच करू देत नाहीत. गाडी स्वस्त मिळाली आणि ठेवायला जागा नाही, असं व्हायला नको.

शेवटी एका बाईंचं नाव सांगते, के पीटरसन. या नर्स होत्या, त्यांचे यजमान इलेक्ट्रिशियन. दोघं 1970 च्या सुमारास ट्रेलरमध्येच राहायला लागले. 1978 साली त्यांनी एस्केपीज नावाची संघटना काढली. गाडी कुठे दुरुस्त करावी, पत्रं कुठे मागवावी, कोणत्या तळावर मुक्काम स्वस्त, ही माहिती सभासद एकमेकांना कळवू लागले. पुढे टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन इथे म्हाताऱ्या, आजारी सभासदांसाठी त्यांनी मदतकेंद्रही उभं केलं. आपापल्या गाडीत राहूनच तिथे जेवणाची आणि देखभालीची सोय होते.

तुमची मुलगी, सून, भाची तिकडे असेल आणि असा विचार करत असेल, तर तिला एवढं जरूर कळवा: एकटीने जाऊन सौदा करू नकोस. जी आधीपासून अशा घरात राहते आहे, अशा एखादीला बरोबर ने. विकणारा जेवढं सांगत नाही, तेवढं ती पाहील.