घोड्याची पावसाळी झूल

झूल हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पोळ्याचा बैल उभा राहतो, नाही तर वरातीतला घोडा. आरसे, गोंडे, जरीची किनार! ही झूल असते जनावराच्या पाठीवर, पण मिरवते धन्याचे वैभव. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती झूल निराळी आहे. तिला गोंडे नाहीत. ती जाड, मळकट, चिखलाने माखलेली असते, आणि तिचे काम एकच : पावसात उभ्या असलेल्या घोड्याचे अंग कोरडे ठेवणे. असली झूल कशी निवडावी, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास मुख्यतः इंग्लंडातला आहे. तिथला पाऊस थंड, घोडे पुष्कळ, आणि घोड्यावर पोट असलेली माणसेही पुष्कळ.

कामगारांच्या सभा घेणाऱ्या माणसाने घोड्याच्या पांघरुणात का शिरावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. घोडा हा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शहरांतला सर्वांत मोठा कामगारवर्ग होता. त्याच्या अंगावर काय घातले गेले आणि काय घातले गेले नाही, यावरून त्या काळाने श्रमाची किंमत काय केली हे कळते.

आरंभ घोड्याच्या स्वतःच्या पांघरुणापासून केला पाहिजे. निसर्गाने घोड्याला उघडे पाठवलेले नाही. थंडीच्या सुमारास त्याचे केस दाट आणि लांब होतात. गार वारा लागला की ते उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. आपल्या घोंगडीची ऊबही अशाच अडकलेल्या हवेची असते. केसांवर त्वचेतले तेल असते. त्यामुळे थोडाथोडका पाऊस वरच्या वर ओघळून जातो. शिवाय घोड्याच्या पोटात एक भट्टी आहे. गवत, कडबा यांतला चोथा त्याच्या मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून उष्णता निघत राहते. हिवाळ्याला सरावलेला, भरपूर चारा मिळणारा, पूर्ण केसाळ घोडा कोरड्या हवेत शून्याखाली सुमारे १५ अंश सेल्सिअसपर्यंत निभावतो, असे पशुवैद्यकाचे मोजमाप आहे. सौम्य हवेत वाढलेल्या घोड्याला मात्र ५ अंशांच्या खाली ऊब टिकवण्यासाठी शरीराची जादा शक्ती खर्च करावी लागते.

या सगळ्या व्यवस्थेचा शत्रू एकच : मुरलेला पाऊस आणि त्याच्या जोडीला वारा. केस मुळापर्यंत भिजले की ते चिकटून बसतात, हवेचा थर नाहीसा होतो आणि अंगातली ऊब भराभर बाहेर पडते. म्हणून कोरड्या कडाक्याच्या थंडीपेक्षा चार अंशांवरची भिजकी, वाऱ्याची रात्र घोड्याला अधिक जाचते.

मग माणसाने काय केले? त्याने घोड्याचे पांघरूण उतरवले. यात दुष्टावाच होता असे नव्हे. दाट केसांचा घोडा जोराने पळवला की घामाने निथळतो आणि तो घाम तासन् तास वाळत नाही. म्हणून १९ व्या शतकात इंग्लंडात कामाच्या घोड्यांचे केस हिवाळ्यात कातरण्याची रीत रूढ झाली. कातरलेला घोडा लवकर वाळतो, त्याला खरारा करणे सोपे जाते, तो अधिक काम देतो. फायदा उघड होता. पण काम थांबले आणि घोडा रस्त्यात उभा राहिला की तो उघडा पडला. ज्याने केस कापले त्याच्यावर झूल देण्याचे ऋण चढले. आमच्या मते घोड्याच्या झुलीचा सारा इतिहास म्हणजे या ऋणाचा हिशेब आहे.

हे ऋण फेडण्यासाठी माणसाजवळ प्रथम लोकरीचे जाड कापड होते. ते ऊब देई, भिजल्यावरही थोडीफार टिकवी. पण पाणी पिऊन दगडासारखे जड होई. दुसरे साधन म्हणजे तेल चोपडलेले किंवा घट्ट विणीचे ताडपत्रीसारखे कापड. मग १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालण्याचे पेटंट घेतले. पाणी अडले! पण ते रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत ताठ. चार्ल्स गुडइयरने अमेरिकेत १८४४ साली गंधकाबरोबर रबर तापवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि त्या कृतीने हा दोष पुष्कळसा गेला. तरी एक दोष उरलाच. जे कापड बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. घामेजल्या घोड्यावर रबरी झूल टाकली की तो पावसाने नव्हे, आपल्याच घामाने भिजतो आणि गारठतो.

हा अनुभव फक्त घोड्यांचा नाही. आमच्या संघटनेच्या कामात पावसाळी कोटांचा प्रश्न दरसाल येतो. एका कारखान्याने उघड्या आवारात काम करणाऱ्यांना प्लॅस्टिकचे कोट दिले, सगळे एकाच मापाचे. ओझी उचलणारा माणूस त्या कोटात पाच मिनिटांत आतून ओलाचिंब. गडी कोट काढून भिजतच काम करू लागले, तेव्हा वरून शेरा आला की, कामगारांना दिलेल्या वस्तूची कदर नाही! कोट निवडणाऱ्याने तो घालून एक गोणही उचलली नव्हती.

परत लंडनकडे वळू. तिथे भाड्याच्या घोडागाड्या ठरलेल्या तळांवर उभ्या राहत. गाडीवानाने तळावरची गाडी सोडून जाऊ नये असा नियम होता. म्हणजे पाऊस असो, बर्फ असो, घोडा आणि गाडीवान दोघेही उघड्यावर. घोड्याच्या बाजूने कायदा थोडा आधी जागा झाला होता. १८२२ साली जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा पार्लमेंटात संमत झाला आणि १८२४ साली लंडनात प्राणिदयेची संस्था निघाली. गाडीवानाच्या डोक्यावर छप्पर यायला मात्र १८७५ साल उजाडावे लागले. त्याच साली इकडे पुण्यात रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तिकडे लॉर्ड शाफ्ट्सबरी आणि एक वृत्तपत्राचे संपादक यांच्या पुढाकाराने गाडीवानांसाठी निवारे बांधण्याचा निधी निघाला. हिरव्या रंगाच्या या लाकडी खोल्या सार्वजनिक रस्त्यावर असल्यामुळे घोडा आणि गाडी मिळून जेवढी जागा व्यापतात तेवढ्याच आकाराच्या असत. आत शेगडी, गरम चहा, स्वस्त जेवण. १९१४ पर्यंत असे ६१ निवारे उभे राहिले. त्यांतले १३ अजून लंडनात आहेत. तिथे दारू आणि जुगार यांना बंदी होती, आणि राजकारणाच्या चर्चेलाही! छप्पर मिळाले, ऊब मिळाली; पण ऊब घेताना तोंड मिटून बसावे, अशी अट पडली. धर्मादायाची झूल बहुधा अशीच असते. ती देणाऱ्याच्या मापाने शिवलेली असते.

निधी निघाल्यावर दोनच वर्षांनी, १८७७ साली, ॲना स्यूअल या बाईंची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. घोडा स्वतःच आपली हकीकत सांगतो अशी तिची रचना आहे. तीत जेरी बार्कर नावाचा भला गाडीवान आहे. नववर्षाच्या सुमारास पत्ते खेळायला गेलेल्या गिऱ्हाइकांसाठी तो ठरल्या वेळी गाडी घेऊन जातो आणि ते बाहेर येईपर्यंत बोचऱ्या वाऱ्यात ताटकळत राहतो. घोड्याच्या मानेवर तो झूल ओढून घेतो, पण स्वतः गारठतो आणि छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळतो. गाडीचा धंदा त्याला कायमचा सोडावा लागतो. लेखिकेने इथे फार मोलाची गोष्ट दाखवली आहे. झूल असूनही अन्याय टळला नाही, कारण तो कापडाचा नव्हता, वेळेचा होता. दुसऱ्याचा वेळ फुकट आहे असे मानणारा माणूस आत पत्ते पिसत होता.

युद्धात तर हा हिशेब उघडाच पडला. १८५४ सालच्या नोव्हेंबरात क्रिमियात मोठे वादळ झाले. सैनिकांचे हिवाळी कपडे आणणारे ‘प्रिन्स’ जहाज बालाक्लावाजवळ बुडाले. पुढच्या हिवाळ्यात इंग्रजी घोडदळाचे घोडे उघड्या माळावर चिखलात उभे होते. बंदर काही मैलांवर होते, पण तिथून चारा वर पोहोचवण्याची सोय नव्हती. भुकेने घोडे एकमेकांची शेपटे आणि आयाळ खाऊ लागले. ज्याच्या पोटातली भट्टी विझली त्याला कोणती झूल वाचवणार? चारा हीच आतली झूल. ती आधी, कापडाची नंतर.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर घोड्यांत खरूज पसरली. तिला आळा घालण्यासाठी घोडे सरसकट कातरण्यात आले. १९१६-१७ चा हिवाळा कडक निघाला आणि कातरलेल्या, थकलेल्या, अर्धपोटी घोड्यांची फार हानी झाली. पुढे कातरणीवर मर्यादा घालावी लागली. त्या युद्धात ब्रिटिश सैन्याची घोडे, खेचरे, उंट, बैल मिळून सुमारे ४,८४,००० जनावरे मेली. त्यांत शत्रूच्या तोफा आणि विषारी वायू यांना बळी पडलेली सुमारे चौथाई. बाकीची थकवा, रोग, थंडी, पाऊस यांनी गेली.

आता थोडे आपल्याकडे पाहू. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ साली ती थांबली. १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. परळला १८८३ साली बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. व्हिक्टोरिया गाड्या त्यानंतरही शतकभर फिरल्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. या शहरात पाऊस इंग्लंडापेक्षा कितीतरी अधिक, पण तो उबदार. त्यामुळे विलायती जाड झूल इथे आणून घातली तर घोडा तिच्याखाली उकडून निघेल. सततच्या ओलीने कातडीवर खपल्या धरणारा रोग होतो, तो अशा कोंदट झुलीखाली अधिकच बळावतो. इथल्या घोड्याची गरज निराळी : डोक्यावर छप्पर, पायाखाली कोरडी जमीन, खेळती हवा. आपल्या भातखाचरातल्या बाया इरले घेतात ते उगाच नव्हे. इरले पाठीला चिकटत नाही, वारा खालून खेळता राहतो. जसा पाऊस आणि जसे काम, तसे पांघरूण!

विसाव्या शतकात कुरणात सोडलेल्या कातरलेल्या घोड्यांसाठी इंग्लंडात ‘न्यूझीलंड झूल’ प्रचारात आली. वर जाड कॅनव्हास, आत लोकर, आणि ती सरकू नये म्हणून मांड्यांभोवती पट्टे. पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टर आले. पाणी अडवणारे पण घामाची वाफ जाऊ देणारे कापडही निघाले. आज झूल घेताना दुकानदार दोन आकडे सांगतो. एक डेनियर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. तो वाढला की सूत जाड, आणि बहुधा कापडही अधिक टिकाऊ. दुसरा आतल्या भरावाचा, दर चौरस मीटरला किती ग्रॅम हा. शून्य ग्रॅमची झूल फक्त पाऊस अडवते, २०० किंवा ३०० ग्रॅमची ऊबही देते. दाट केसांच्या धडधाकट घोड्याला पुष्कळदा झूल लागतच नाही. आडोसा आणि चारा पुरतो. म्हातारा, रोड, आजारी किंवा कातरलेला घोडा असेल तर झूल हवी. माप छातीच्या मध्यापासून बाजूने पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत घ्यावे. मानेच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा असतो तिथे आणि खांद्यांवर ती काचता कामा नये. रोज झूल काढून खाली हात फिरवावा : घाम आहे काय, केस घासले आहेत काय, बरगड्या लागू लागल्या आहेत काय. झुलीखाली रोडावलेला घोडा दिसत नाही. पांघरूण पुष्कळदा देणाऱ्याच्या डोळ्यांवरच पडते.

आणि शेवटी ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही हा विषय घेतला. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २३ घोड्यांना खुणांच्या पाट्या ओळखायला शिकवले. एका पाटीचा अर्थ ‘झूल घाला’, दुसरीचा ‘झूल काढा’, तिसरीचा ‘आहे तसे राहू द्या’. सगळे घोडे दोन आठवड्यांत शिकले. मग त्यांना बाहेर उभे करून विचारण्यात आले. ऊन असले की ते नाकाने ‘काढा’च्या पाटीला स्पर्श करीत, पाऊस, वारा आणि गारठा असला की ‘घाला’च्या.

हजारो वर्षे माणूस घोड्याच्या पाठीवर झूल टाकत आला. तिच्याविषयी घोड्यालाच विचारावे हे सुचायला एकविसावे शतक लागले. आज आपल्या शहरांत भर पावसात दुचाकीवरून लोकांचे जेवण पोहोचवणारी पोरे दिसतात. पाठीवरच्या पेटीतले अन्न कोरडे राहते, पोर भिजते. त्याला कोट कसला हवा, थांबायला जागा कुठे हवी, किती मिनिटांत पोहोचवणे माणसाला शक्य आहे, हे कोणी विचारले आहे काय? त्याला तर पाटी शिकवावी लागत नाही. त्याला बोलता येते. योग्य झूल कोणती, याचे पहिले उत्तर कापडाच्या दुकानात मिळत नाही. ज्याच्या पाठीवर पाऊस पडतो, त्याला विचारावे लागते. आणि त्याने सांगितलेले ऐकावे लागते.