टॉर्क : ओढीची कुळकथा

कुवेतमधल्या शुऐबाच्या बंदरात कंटेनर लादून उभ्या असलेल्या ट्रेलरचे चाक जागचे हलवतो तो इंजिनाचा टॉर्क. बल आणि ते बल आसापासून जितक्या अंतरावर लागते ते अंतर, यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. त्याचे एकक न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकाला 10 किलो वजन टांगले तर नटावर सुमारे 98 न्यूटन-मीटर टॉर्क पडतो, मग नट फिरो वा न फिरो. अश्वशक्तीचा हिशेब वेगळा आहे. तिच्यात टॉर्कबरोबर फिरण्याचा वेगही मोजला जातो. गाडी जास्तीत जास्त किती वेगाने धावेल हे अश्वशक्ती ठरवते, पण एकाच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर पाठ सीटला टेकते आणि चालक ‘पिकअप चांगला आहे’ म्हणतो, ते टॉर्कमुळे.

या दोन राशींची ताटातूट जेम्स वॉटने अश्वशक्ती ठरवण्यासाठी केलेल्या गणितातच दिसते. 1780 च्या दशकात त्याला आपली वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारत असे की हे यंत्र किती घोड्यांचे काम करील. वॉटने गिरणीचा दांडा ओढत गोल फिरणारा घोडा हिशेबाला घेतला. 12 फूट त्रिज्येचे वर्तुळ, तासाला 144 फेरे आणि 180 पौंडांची ओढ असे आकडे धरून त्याने मिनिटाला 33,000 फूट-पौंड हे पूर्णांकी माप पक्के केले. याच आकड्यांतून टॉर्क काढला तर तो 2,160 पौंड-फूट, म्हणजे सुमारे 2,930 न्यूटन-मीटर येतो. आजच्या छोट्या मोटारीच्या इंजिनाच्या पंचवीसपट! तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलाचेही तसेच: लाट अवजड, दांडा लांब, चाल संथ. ताकद एका जनावराची, पण पीळ प्रचंड, कारण मिनिटाला जेमतेम दोन-अडीच फेरे होतात.

वॉटचा घोडा कागदावरचा होता. फिरणाऱ्या आसाचा पीळ प्रत्यक्ष मोजण्याची सोय 1821 मध्ये फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने केली. त्याने फिरत्या आसाला लाकडी ठोकळ्यांनी आवळून धरले, ठोकळ्यांना लांब दांडा जोडला आणि दांड्याच्या टोकाला वजने टांगून तो समतोल ठेवला. वजन आणि दांड्याची लांबी कळली की टॉर्क कळला. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ या संज्ञेतला ब्रेक तो हाच. पुढे इंग्रज अभियंता विल्यम फ्राउडने लाकडाच्या घर्षणाऐवजी पाण्याचा रोध वापरला. त्यानंतर विजेवर चालणारे डायनॅमोमीटर आले. ‘टॉर्क’ हे नाव मात्र 1884 चे आहे. लॉर्ड केल्व्हिनचे थोरले बंधू, अभियंते जेम्स थॉमसन यांनी ते सुचवले. पुण्यात 1966 साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांत इंजिने तपासली जातात तीही तत्त्वतः प्रोनीच्याच रीतीने: आस रोखायचा, रोखायला किती बल लागले ते मोजायचे आणि प्रत्येक वेगाला ते टिपून ठेवायचे. या नोंदींतून जो आलेख निघतो तो टॉर्कचा वक्र. गाडीचा स्वभाव त्या वक्रात असतो.

वाफेच्या इंजिनाचा वक्र फार सोयीचा होता. वाफ बाहेरच्या बाष्पित्रात तयार असल्यामुळे चाक थांबलेले असतानाही पिस्टनवर पूर्ण दाब देता येई. म्हणूनच 1863 मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर 37 फुटांना एक फूट असा चढ असूनही वाफेच्या इंजिनांना गिअरबॉक्सची गरज पडली नाही. पेट्रोल इंजिनाने ही सोय काढून घेतली. त्यात इंधन आतच जळते. ते जळण्यासाठी आधी हवा ओढली पाहिजे, दाबली पाहिजे, म्हणजे इंजिन आधी फिरते असले पाहिजे. शून्य फेऱ्यांना त्याचा टॉर्कही शून्य.

या उणिवेचा पहिला ठळक अनुभव ऑगस्ट 1888 मधला आहे. कार्ल बेंझच्या मोटारीला 1886 मध्ये पेटंट मिळाले होते. तिचे इंजिन एकाच सिलिंडरचे, अश्वशक्ती पाऊणच्या आसपास. कार्लची पत्नी बेर्टा बेंझ दोन्ही मुलग्यांना घेऊन त्या मोटारीच्या सुधारित नमुन्यातून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली तेव्हा चढावर गाडीला धक्का मारावा लागला. परतल्यावर तिने चढासाठी आणखी एक गिअर हवा असे सांगितले आणि बेंझने तो बसवला. गिअर इंजिनाची शक्ती वाढवत नाही. तो फेरे कमी करून त्या बदल्यात टॉर्क वाढवतो. पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.5 आणि मागच्या डिफरन्शियलचे 4 असेल, तर इंजिनाचा 100 न्यूटन-मीटर टॉर्क चाकांपाशी घर्षणाची तूट वगळता 1,400 होतो. क्लच दाबणे, गिअर टाकणे, चढावर हाफ क्लचवर गाडी धरणे ही सगळी कसरत पेट्रोल इंजिनाच्या वक्राने चालकाच्या गळ्यात घातली.

त्यानंतरचा शतकभराचा इतिहास म्हणजे हा वक्र कमी फेऱ्यांना उचलून धरण्याची धडपड. गाड्यांच्या माहितीपत्रकांत टॉर्कचा सर्वांत मोठा आकडा ठळक छापतात. त्यापेक्षा तो आकडा किती फेऱ्यांना मिळतो आणि कुठपर्यंत टिकतो हे अधिक मोलाचे आहे. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन 1897 मध्ये चालू झाले. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने 1905 मध्ये बाहेर जाणाऱ्या गरम वायूंवर चाक फिरवून आत जास्त हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. तीच टर्बोचार्जरची सुरुवात. 1997 मध्ये अतिशय दाबाखाली इंधन फवारणारे कॉमन रेल तंत्र प्रवासी मोटारीत आले. हे तिन्ही धागे पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाटच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनात एकत्र आले. 2008 च्या टाटा इंडिका व्हिस्टामध्ये 1.2 लिटरचे पेट्रोल इंजिन होते, 65 अश्वशक्तीचे, 96 न्यूटन-मीटरचे. त्याच गाडीत हे डिझेल इंजिन 75 अश्वशक्ती आणि 190 न्यूटन-मीटर देई. अश्वशक्तीत थोडाच फरक, टॉर्क जवळपास दुप्पट, आणि तोही मिनिटाला 2,000 फेऱ्यांच्या आतच. कात्रज किंवा खंबाटकीच्या चढावर पेट्रोलची गाडी खालच्या गिअरमध्ये घेऊन इंजिन ओरडवावे लागते. डिझेलची गाडी वरच्याच गिअरमध्ये चढत राहते. मात्र टर्बोचे चाक वेगात येईपर्यंत ही गाडी मंद वाटते. फेरे दीड हजाराच्या खाली गेले तर वळणावर ती मरगळते आणि मग एकदम उसळते. या उसळीचा अंदाज अंगवळणी पडायला चालकाला वेळ लागतो.

या वक्राला शुऐबासारख्या ठिकाणी निराळ्याच परीक्षा द्याव्या लागतात. तिथे घाट नाहीत. पण उष्णता आहे आणि वाळू आहे. कुवेतच्या मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. हवा तापली की विरळ होते. 25 अंशांऐवजी 50 अंशांची हवा घेतली तर दाब तोच असूनही तिची घनता सुमारे 8 टक्के घटते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्कही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो. महाबळेश्वरला हेच उंचीमुळे घडते: तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्के कमी असतो. वाळूत प्रश्न आणखी नाजूक होतो. चाक रुतते म्हणून ओढ भरपूर लागते, पण ती झटक्यात आली तर चाक जागीच गरगरून स्वतःचा खड्डा खणते. म्हणून वाळवंटात टायरची हवा कमी करतात, लो गिअर टाकतात आणि कमी फेऱ्यांना संथ, सलग टॉर्क देणारे इंजिन पसंत करतात.

इंधनाच्या बाजूनेही शुऐबाचे नाव या कुळकथेत येते. 1968 मध्ये तिथे सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना पूर्णपणे हायड्रोजन प्रक्रियेवर उभारलेला जगातला पहिला मानला जातो; तो 2017 मध्ये बंद झाला. हायड्रोजनच्या साहाय्याने जड तेलापासून हलके इंधन मिळते आणि त्यातले गंधकही निघते. गंधक उरले तर आधुनिक डिझेल गाड्यांच्या धुराड्यातले उत्प्रेरक निकामी होतात. भारतात एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधनात गंधकाची मर्यादा दहा लाखांत 10 भाग इतकी खाली आणली गेली.

विजेच्या मोटारीने वाफेच्या इंजिनाचा गुण परत आणला. तिला हवा ओढायची नसते. तारेच्या वेटोळ्यांतून प्रवाह गेला की चुंबकीय बल लगेच तयार, मग चाक थांबलेले का असेना. रांजणगावलाच जुळणी होणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या 2020 च्या पहिल्या आवृत्तीत 129 अश्वशक्तीबरोबर 245 न्यूटन-मीटर टॉर्क होता. ठरावीक वेगापर्यंत अशा मोटारीचा टॉर्क जवळजवळ सपाट राहतो; त्यापुढे शक्ती स्थिर राहून टॉर्क उतरत जातो. त्यामुळे सिग्नलवरून निघताना ही गाडी झेपावते आणि महामार्गावर शंभराच्या पुढे तिचा जोर हळूहळू कमी होतो. बहुतेक विजेच्या गाड्यांना क्लच नसतो, पायऱ्यांचा गिअरबॉक्सही नसतो. फेरे कमी करणारी एकच दात्यांची जोडणी पुरते. मर्यादा आता टायरच्या पकडीची आहे. पहिल्या पावसात निसरड्या झालेल्या डांबरावर पूर्ण टॉर्क सोडला तर चाके घसरतात, म्हणून नियंत्रक सेकंदाला अनेक वेळा चाकांचा वेग तपासून तेवढ्यापुरता टॉर्क कमी करतो.