गवत कोणी खाल्लं?



उन्हाळ्यात गावी गेलो होतो. अहमदपूरच्या पुढे, बालाघाटाच्या माळावर. शेजारचे काका उघड्या माळाकडे हात करून म्हणाले, "शेळ्या-मेंढ्यांनी खाऊन टाकलं बघ सगळं." हे वाक्य लातूर-नांदेडकडच्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलंय. आजचा भाग त्या वाक्याचीच उलटतपासणी आहे. पण सुरुवात करू माळापासून खूप लांब, अलास्काच्या समुद्रात.

थंड समुद्रात केल्प नावाचं शेवाळ असतं. शेवाळ म्हटल्यावर विहिरीतलं हिरवं डोळ्यासमोर आणू नका. हे झाडाएवढं उंच होतं, त्याचं पाण्याखाली अख्खं जंगल उभं राहतं, आणि त्यात मासे, खेकडे, सील राहतात. हे केल्प खातो सी अर्चिन, म्हणजे समुद्राच्या तळावर सरपटणारा काटेरी चेंडू. आणि सी अर्चिनला खातं सी ऑटर, हे समुद्री पाणमांजर.

१७४१ मध्ये बेरिंगची रशियन मोहीम तिकडे फुटली. वाचलेले खलाशी परत येताना ऑटरची कातडी घेऊन आले. ती फर इतकी दाट की तिच्यासाठी जणू सोन्याची धाव सुरू झाली. पुढची दीडशे वर्षं शिकार चालली. १९११ मध्ये रशिया, जपान, अमेरिका आणि ब्रिटन यांनी करार करून ती थांबवली, तेव्हा अगदी थोडे ऑटर उरले होते.

मग १९७४ मध्ये जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांनी अल्यूशियन बेटांची तुलना छापली. ज्या बेटांभोवती ऑटर परतले होते तिथे केल्पचं जंगल दाट. जिथे ऑटर नव्हते तिथे तळावर नुसते सी अर्चिन, बाकी उजाड खडक. सी अर्चिन दोन्हीकडे होता. खाण्याची सवयही तीच. फरक होता त्याला आवरणारं कोणी आहे की नाही, याचा. आम्हा कोडवाल्यांना हे लगेच कळतं: बिनकामाची वाटलेली एक ओळ काढायची आणि भलतीकडेच सगळं कोसळायचं.

आता हाच चष्मा घालून आपल्या माळाकडे बघू.

दख्खनचा माळ म्हणजे मुळात गवताचा प्रदेश. पाऊस कमी, माती उथळ, खाली मुरूम. इथे मारवेल, शेडा, पवन्या अशी गवतं वाढतात. गवताची गंमत अशी की ते बुडातून वाढतं. वरून तोडलं तरी परत फुटतं. म्हणून चरणं हा गवतावरचा हल्ला नाही. पण फुटायला वेळ मिळायला हवा. तो नाही मिळाला तर जनावरं आधी गोड गवत संपवतात. मग जोर धरते कुसळी, जिची कुसळं आपल्या सॉक्समध्ये रुतून बसतात. तीही संपली की उरतो मुरूम. समुद्रातल्या उजाड खडकाचा हा आपला भाऊ.

तो वेळ गवताला कोण देत होतं? एकट्या लांडग्याला मी श्रेय देणार नाही. आपल्याकडे ते काम मुख्यतः फिरण्याने केलं. धनगराचा वाडा एका जागी राहत नसे. पावसाळ्यात माळ, सुगीनंतर रिकामी रानं. रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला लेंडीखत, धनगराला धान्य किंवा पैसे. कळप पुढे सरकला की मागचं गवत मोकळा श्वास घ्यायचं.

आता बाजूने ही वाटच अरुंद होत गेली. रानं दोन-दोन पिकांखाली गेली, पडीक राहीनात. आपल्याकडे सोयाबीन बांधापर्यंत आलं. गायरानं नांगरली गेली. मेंढ्या तेवढ्याच, पण उरलेल्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा त्याच. ऑटरला शिकाऱ्यांनी मारलं. आपल्याकडे फिरणं मारलं गेलं.

याचा पुरावा बघायला लातूरहून फार लांब जावं लागत नाही. सोलापूरजवळ नान्नज आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर, सत्तरच्या दशकात, अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून तिथल्या माळाचे काही तुकडे चराईसाठी बंद केले. गवत परत उभं राहिलं. पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोकाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. लोक वैतागले, आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं.

पण गोष्ट "कुंपण घाला, सगळं ठीक" अशी संपत नाही. माळढोकाला उघडं रान लागतं, दूरवर दिसणारं. फार उंच, दाट गवत किंवा झाडं त्याला नको असतात. म्हणजे शून्य चराई हेही उत्तर नाही. आज नान्नजला काळवीट भरपूर दिसतात, माळढोक जवळजवळ दिसत नाही.

हे आपल्याला का लागतं? कारण सरकारी नकाशांत असे माळ बहुतेक वेळा 'पडीक जमीन' म्हणून येतात. पडीक म्हटलं की ती कशालाही देता येते. आता गायरानांवर सौर प्रकल्प येतायत. आणि गायरानाचा प्रश्न साधा नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांची मराठवाड्यात खोल आठवण आहे. गायरानाचा तुकडा कसणाऱ्या दलित कुटुंबासाठी ती जमीन म्हणजे पोट आहे. त्यांना 'अतिक्रमण' म्हणून हाकलून गवत वाचवणं म्हणजे एका गरिबाचं काढून दुसऱ्याला देणं.

पण देवणी गाय लातूरची आणि लाल कंधारी नांदेडची म्हणून आपण मिरवतो. दोन्हींची नावं तालुक्यांवरून आलीत. त्या गायी सोयाबीनवर घडलेल्या नाहीत, या माळावर घडल्यात. माळ गेला तर उरेल फक्त नाव.

परत काकांकडे येतो. मी त्यांना विचारलं, "काका, तुमच्या लहानपणी मेंढरं नव्हती का?" ते थांबले. म्हणाले, "होती की. आत्तापेक्षा जास्त. पण ती दिवाळीनंतर दिसायची नाहीत."

म्हणजे उत्तर त्यांना माहीत होतं. प्रश्नच चुकीचा विचारला जात होता. गवत कोणी खाल्लं, हे विचारू नका. खाणाऱ्याची पुढची वाट कोणी बंद केली, ते विचारा.

तुमच्या गावच्या गायरानाचं आज काय झालंय? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.