तेरीज, सरवैये आणि ट्रायल बॅलन्स : वाणिज्य पदवीची घडण

'तेरीज' हा शब्द आज सामान्य मराठी वाचकाच्या कानावरून क्वचितच जातो. सर्व खात्यांच्या रकमा एकत्र मांडून हिशेबाचा गोषवारा काढणे, असा त्याचा अर्थ. पेशवाईच्या दफ्तरात हा शब्द रोजच्या वापरातला होता. त्याच्या जोडीला कीर्द होती, खतावणी होती, ताळेबंद होता. दिवसाचा व्यवहार किर्दीत उतरावा, तेथून तो ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतवावा, वर्षअखेर तेरीज काढून ताळा पाहावा, ही शिस्त महाराष्ट्रातील कारकुनी पेशाच्या अंगवळणी पडलेली होती. तिचा प्रसार मराठ्यांच्या राज्यविस्ताराबरोबर झाला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे मराठी सत्ता पोहोचल्या, तेव्हा शिपायाच्या मागोमाग फडावरचा कारकूनही आपली दौत-लेखणी घेऊन तेथे गेला.

या विद्येला पदवी नव्हती, पण अटी होत्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ हवी. मोडी अक्षर वळणदार आणि वेगवान हवे. त्यानंतर एखाद्या कचेरीत किंवा पेढीवर वर्षानुवर्षे बिनपगारी उमेदवारी करावी लागे. लेखनाचे आणि हिशेबाचे नियम सांगणारी 'मेस्तके' परंपरेने हेमाद्रीच्या नावावर सांगितली जातात. म्हणजे हा केवळ गुरुमुखाने चाललेला धंदा नव्हता, त्याला लिखित शास्त्राचाही आधार होता. मात्र ती वाट सर्वांना मोकळी नव्हती. उमेदवारी कोणाला मिळावी हे पाढ्यांइतकेच जात आणि ओळखपाळख यांवर ठरे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य यांना त्यात स्थान मिळाले. व्यापाराला मिळाले नाही. कापसाच्या आणि अफूच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या शहरातील विद्यापीठाने अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाणिज्याकडे पाठ फिरवावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. कारण साधे आहे. ज्या इंग्लंडच्या नमुन्यावर हे विद्यापीठ रचले गेले, तेथेच व्यापार हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय मानला जात नव्हता. मुलाने कोठीत जावे आणि शिकावे, अशीच तेथीलही समजूत होती. या बाबतीत लंडनचा व्यापारी आणि मांडवीचा सराफ यांच्यात फारसे अंतर नव्हते.

ही समजूत बदलली ती स्पर्धेमुळे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८८१ मध्ये व्हार्टन स्कूल निघाले, जर्मनीत लाइपझिग येथे १८९८ मध्ये वाणिज्याचे उच्च विद्यालय निघाले. जर्मन माल जगाच्या बाजारात इंग्रजी मालाला मागे सारू लागला, तेव्हा इंग्रजांना आपल्या कारखानदारांच्या मुलांच्या शिक्षणाची काळजी वाटू लागली. जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने १९०० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाला सनद मिळाली आणि लवकरच विल्यम ॲश्ली या अर्थेतिहासकाराच्या नेतृत्वाखाली तेथे वाणिज्य शाखा सुरू झाली. लॉरेन्स डिक्सी हे १९०२ पासून तेथे हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. ॲश्ली यांचा उद्देश कारकून घडवण्याचा नव्हता, उद्योगधंद्याचे अधिकारी घडवण्याचा होता. हिंदुस्थानात आलेल्या बी.कॉम. पदवीचे मूळ येथे आहे. अधिकाऱ्यांसाठी काढलेली पदवी या देशात पुढे बहुतांशी कारकुनांच्या भरतीला उपयोगी पडली, हा तिच्या प्रवासातील मोठाच विनोद म्हणावा लागेल.

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स अँड इकॉनॉमिक्स सुरू झाले. नुकतेच पायउतार झालेले गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला मिळाले. त्याच वर्षी नवा कंपनी कायदा मंजूर झाला. कंपन्यांनी कोणती पुस्तके ठेवावीत आणि त्यांची तपासणी कोणी करावी, हे त्याने ठरवून दिले. या दोन घटना एकाच वर्षी घडल्या, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. स्वदेशीच्या लाटेवर देशी बँका आणि विमा कंपन्या भराभर निघत होत्या. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली होती, साताऱ्यात १९१३ मध्येच अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली. या संस्थांना कायद्याला मान्य होतील अशी पुस्तके ठेवणारी आणि तपासणारी माणसे हवी होती. तपासनिसांसाठी १९१८ मध्ये मुंबईत जी.डी.ए. ही सरकारी पदविका सुरू झाली. पुढे १९४९ च्या कायद्याने चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था स्थापन झाली, त्या मार्गावरचा हा महत्त्वाचा टप्पा होता.

पदवीच्या अटी त्यामुळे दोन बाजूंनी ठरल्या. विद्यापीठाला अर्थशास्त्र, व्यापारी भूगोल, सांख्यिकी असे विद्याविषय हवे होते. कायद्याला आणि पेढ्यांना हिशेब, लेखापरीक्षण, बँकिंग आणि व्यापारी कायदा हवा होता. दोहोंची गाठ इंग्रजीत पडली. पाठ्यपुस्तके इंग्रजी, उत्तरे इंग्रजी, उदाहरणांतील पौंड-शिलिंगही पुष्कळदा तसेच. मराठी भाषेला विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घकाळ खटपट केली आणि साहित्याच्या दाराने ती पुढे आत आलीही. हिशेबाच्या दाराने मात्र तिच्यासाठी कोणी रदबदली केली नाही. बहुधा ती करण्याजोगी गोष्ट आहे, असे साहित्याच्या कैवाऱ्यांना वाटलेच नसावे.

सिडनहॅम महाविद्यालयाच्या प्रारंभीच्या इतिहासातील एका नावाचा बडोद्याशी निकटचा संबंध आहे. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन, शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या वेळी या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. ज्या पारशी वसतिगृहात आसरा घेतला होता तेथूनही बाहेर पडावे लागले आणि थोड्याच अवधीत त्यांनी बडोदे सोडले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, दरमहा ४५० रुपये वेतनावर ते सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरकूर केली. वर्गात मात्र अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकण्यास येत. मार्च १९२० पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले आणि साठवलेल्या पैशांच्या आधारे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला परतले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या फडावर ज्याला उमेदवारीही मिळाली नसती, त्याला या नव्या व्यवस्थेत अध्यापकाचे आसन मिळाले. इंग्रजी पदवीच्या जमेच्या बाजूस ही रक्कम मोठ्या अक्षरांत लिहावयास हवी.

नावे बाजूस काय लिहावे? पेढीवरचा गुजराती किंवा मारवाडी मुनीम वहीच्या पानाला घड्या घालून 'सळ' पाडतो. डाव्या अर्ध्यात जमा आणि उजव्या अर्ध्यात नावे लिहितो. इंग्रजी खतावणीत नेमके उलट : नावे डावीकडे, जमा उजवीकडे. तत्त्व एकच, प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. तरीही घरच्या वहीवर हात बसलेल्या मुलाला महाविद्यालयात आल्यावर सारे उफराटे वाटे आणि आपल्या वडिलांना हिशेब येत नाही असा त्याचा समज होई. देशी पद्धत मर्यादित भांडवलाच्या कंपनीला पुरी पडली असती, असा दावा करण्याचे कारण नाही. भागभांडवल, घसारा, राखीव निधी यांची मांडणी इंग्रजी पद्धतीत अधिक काटेकोर आहे. तक्रार पद्धतीबद्दल नाही. नवी पद्धत जुन्या शब्दांत शिकवता आली असती. ते शब्द जिवंत होते, नेमके होते, आणि ते पदवीच्या उंबरठ्याबाहेर राहिले.

बडोद्यात हे वेगळ्या रीतीने घडू शकले असते. येथे १८८१ मध्ये कॉलेज निघाले, ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले असल्यामुळे त्याला वेगळी वाट धरता येत नव्हती. परंतु १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी देशी भाषेतून तंत्रशिक्षण देण्याचा प्रयोग केला. १९३१ मध्ये संस्थानने 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' हा राज्यकारभाराच्या परिभाषेचा कोश प्रसिद्ध केला. इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द त्यात शेजारी-शेजारी बसवलेले आहेत. वाणिज्य शिक्षणाला लागणारी सामग्री अशा रीतीने हाताशी येत होती. वाणिज्य महाविद्यालय मात्र निघाले सयाजीरावांच्या पश्चात, १९४२ मध्ये, प्रतापसिंह महाराजांच्या नावाने. तो काळ महायुद्धाचा. युद्धाची कंत्राटे, नियंत्रणे आणि कर यांमुळे हिशेबनिसांना एकाएकी मागणी आली होती. वर्ध्याचे सेकसरिया महाविद्यालय १९४० चे, माटुंग्याचे पोदार १९४१ चे, पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. अशा घाईच्या दिवसांत भाषेचा प्रयोग करण्यास कोणाला उसंत असणार?

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रतापसिंह महाविद्यालय त्याची वाणिज्य शाखा बनले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. त्याच वर्षी अहमदाबादेत गुजरात विद्यापीठही उभे राहिले. येथून वाटा फुटल्या. अहमदाबादकडे वाणिज्य गुजरातीतून शिकवले जाऊ लागले. महाराष्ट्रातील विद्यापीठांत कालांतराने मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली, मराठी क्रमिक पुस्तके आली, भाषा संचालनालयाने वाणिज्यशास्त्राचा परिभाषा कोश केला. बडोद्याच्या विद्यापीठाने इंग्रजी माध्यम कायम ठेवले. नाना प्रांतांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो निर्णय सोयीचा होता, आणि १९६० च्या राज्यविभागणीनंतर गुजरातेत राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही तो एका अर्थी मानवला. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पदवीसाठी निदान तिसरी भाषा नव्याने शिकावी लागली नाही.

शाळेतल्या शब्दांचे काय झाले, ते येथे पाहण्याजोगे आहे. मराठी पुस्तकात रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद. गुजराती पुस्तकात आमनोंध, खातावही, काचुं सरवैयुं आणि पाकुं सरवैयुं. महाविद्यालयात जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स आणि बॅलन्स शीट. एकाच गल्लीत वाढलेली दोन मुले एकच गोष्ट दोन नावांनी शिकत आणि तिसऱ्या नावाने परीक्षा देत. यातला 'काचुं' आणि 'पाकुं' हा गुजराती भेद मोठा मार्मिक आहे. ट्रायल बॅलन्सचे सारे मर्म त्या एका विशेषणात आले आहे. मराठीतला 'घसारा'ही त्याच तोलाचा. यंत्र झिजते, त्याची किंमत घसरते, हे समजावून सांगण्यास मास्तरांना वेगळे शब्द खर्चावे लागत नाहीत.

विद्यार्थिसंख्या वाढली ती नंतर. कोयाळीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये चालू झाला, खते आणि पेट्रोरसायने यांचे उद्योग त्याच्या आगेमागे आले. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँक ऑफ बडोदा त्यांतली एक. शाखा गावोगाव निघाल्या आणि वाणिज्य पदवी ही मध्यमवर्गीय घराची भिस्त बनली. याच सुमारास अभ्यासक्रमाची वर्षे बदलली. पूर्वी अकरावीच्या परीक्षेनंतर चार वर्षांनी बी.कॉम. होत असे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणाच्या नव्या रचनेची शिफारस केली, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दहा, दोन आणि तीन अशी वर्षांची मांडणी रूढ झाली. अकरा आणि चार मिळून पंधरा, दहा-दोन-तीन मिळूनही पंधरा. हिशेब शिकवणाऱ्यांना शोभेसा ताळा जुळला! फरक पडला तो असा की, वाणिज्याचे पहिले धडे महाविद्यालयातून उच्च माध्यमिक शाळेत आले. म्हणजेच ते इंग्रजीतून प्रांतभाषेत आले. आणि तेरीज, सरवैये हे शब्द लाखो मुलांच्या वह्यांत उतरले, ते कोणत्याही भाषिक चळवळीमुळे नव्हे, या वर्षबदलामुळे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अटी वर्षांऐवजी श्रेयांकांत मोजल्या जाऊ लागल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. यांतील साठ, अथवा ऐंशी, श्रेयांक मुख्य विषयाचे असतात. कौशल्याचे आणि उमेदवारीचेही काही असतात. ज्या उमेदवारीवर जुन्या फडाचा सारा भार होता, ती 'इंटर्नशिप' या नावाने परत आली आहे. भाषेसाठी आठ श्रेयांक राखलेले आहेत आणि त्यांत आधुनिक भारतीय भाषेला जागा आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ती जागा मराठीने भरता येईल की नाही, हे त्या-त्या विद्यापीठात मराठीचा अध्यापक आहे की नाही यावर, आणि वर्ग भरण्याइतकी मुले नाव नोंदवतात की नाही यावर अवलंबून राहील.